आमच्यात असंच म्हणतात

ये गं शीतल, अशी जवळ सरक जरा. लांबून हात जोडायची सवय कुणी लावली तुला? दारातून डोकावून जाणारी माणसं मला आवडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे, आणि तू तर दारापर्यंतही आली नाहीस, फोनमधूनच आलीस. लग्न होऊन लोणंदला गेलीस त्याला दीड वर्ष होऊन गेलं. लोणंदहून सातारा म्हणजे सालपे, आदर्की, वाठार, जरंडेश्वर आणि आलंच की. एवढ्याशा वाटेवर सख्ख्या आत्तीकडं यायला सवड नाही, आणि वर्षातून एकदा हात जोडलेलं चित्र पाठवायला मात्र आहे. रागवत नाही गं. कान धरते तेवढाच.

चित्र काल सकाळी आलं. आमचं भाद्रपदातलं दहा दिवसांचं पर्व संपलं की क्षमावाणी येते. त्या दिवशी आम्ही जैन माणसं भेटेल त्याची माफी मागतो. लहानानं मोठ्याची, मोठ्यानं लहानाची, सुनेनं सासूची आणि सासूनंही सुनेची. शीतलनं पाठवलेल्या चित्रात एक गुलाबी कमळ आहे, त्याच्यावर एक दिवा आहे आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय की मनानं, वचनानं, कायेनं, जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. हेच कमळ मला ह्यांच्या जुन्या कचेरीतल्या एका माणसानंही पाठवलंय, ज्याला मी उभ्या जन्मात दोनदा पाहिलंय. त्याला मी लगेच उलट हात जोडून टाकले. तुझ्या कमळापाशी मात्र बोट थांबलं. जाणता-अजाणता. किती सोयीचा शब्द आहे. दोन्ही एकाच पिशवीत घालून गाठ मारलेली. घेणाऱ्यानं आत हात घालून बघायचंच नाही, कोणतं निघतंय ते.

साताऱ्यात सध्या बारीक पाऊस आहे. अजिंक्यतारा सकाळपासून दिसला नाही. असा किल्ला दिसेनासा झाला की मला दोन वर्षांमागचा सांगलीतला पावसाळा आठवतो, खरं तर आठवावा लागतच नाही. सांगलीचा पावसाळा आभाळात थोडा आणि नदीत फार. पाऊस पडायचा तिकडं पाटणला, कोयनेच्या खोऱ्यात, आणि इकडं सांगलीत कोरड्या रस्त्यावर उभी राहून माणसं एकमेकांना विचारायची, “आयर्विनला किती फूट?” पुलाखालचं पाणी किती फुटांवर गेलं ते. दूधवाला विचारायचा, देवळातले पंडित विचारायचे. माझा धाकटा भाऊ बाळू तर जेवताना घास हातात धरून विचारायचा. आपल्या अंगावर एक थेंब नाही आणि पाणी मागून चालून येतंय, हे साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगता येत नाही.

बाळू म्हणजे शीतलचा बाप. त्या वर्षी माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. हे गेल्यापासून साताऱ्यात मी एकटीच, तेव्हा बाळू म्हणाला, “अक्का, चार म्हैनं हिकडंच ऱ्हा. चातुर्मास बी हुईल आणि डोळा बी हुईल.” गेले. पन्नाशी ओलांडून कितीतरी वर्षांनी बाई माहेरी चार महिने राहिली की तिची जीभ आधी माहेरी पोचते. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बायका ‘मी येते’, ‘मी जाते’ असं म्हणत नाहीत. ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, पुरुषासारखं. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या, “वहिनी, येतो काय, वहिनी, जातो काय.” मग मी शिकले ‘येते-जाते’. इथं लिहितानाही तेच लिहितेय. पण सांगली स्टेशनवर पाय ठेवला की पुन्हा ‘आलो’.

डोळ्याची पट्टी निघाली आणि अक्षरं अशी लख्ख दिसायला लागली की मी भिंतीवरच्या औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचं खालचं बारीक अक्षरसुद्धा वाचत बसले. शीतल तेव्हा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी आली की माझा डोळा तपासायला काही ना काही वाचायला द्यायची. एकदा तिनं पर्समधून पत्ते काढले. आपले बदाम-चौकटचे नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर वेगळं चित्र, कुठं पाखरू, कुठं डोंगराएवढं कासव, कुठं चालणारं झाड, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत त्याचं काम लिहिलेलं. असे हजारो पत्ते असतात म्हणे. ते जमवायचे, एकमेकांशी अदलाबदल करायचे, त्यांतले साठ निवडून आपला कॅट बांधायचा आणि समोरच्याच्या कॅटशी लढवायचा.

“आत्ती, हे वाचा बघू.”

मी एकेक अक्षर लावून वाचलं. माझी शाळा सातवीपर्यंतची, इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेलं. अर्थ तिनं सांगितला. मी म्हणाले, अगं, मग हे कासव त्या पाखराच्या आधी का टाकत नाहीत? शीतलनं पर्समधून बाकीचे पत्तेही काढून चटईवर मांडले. तिथून सुरुवात झाली.

आमचं संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. चातुर्मासात तर त्यात फरक नाहीच. सहा-साडेसहाला हात धुतले की पुढं काय करायचं, हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला असतोच. आम्ही चटईवर बसायचो. तिनं शिकवायचं, मी हरायचं. श्रावण लागेपर्यंत दहांतले चार डाव मी घ्यायला लागले.

बाळूला ते पटत नव्हतं. सात व्यसनांतलं पहिलं व्यसन जुगार, आणि पत्ते म्हणजे त्याचंच बोचकं, असं आमच्या वडिलांनी, आप्पांनी, आमच्या डोक्यात भरलेलं.

“अक्का, चातुर्मासात पत्तं घेतलंस व्हय हातात?”

“राजा-राणी न्हाईत रं ह्यात. पाखरं हायत, झाडं हायत.”

“आन् ती पाखरं करत्यात काय?”

“एकमेकांवर धावून जात्यात.”

“म्हंजे जुगारबी आला आन् हिंसाबी आली. पोरगी बिघडली म्हणत हुतो, आता आत्तीबी बिघडली.”

हिंसेचं मात्र मला लागलं. म्हणून मी कधी ‘मारलं’ म्हणाले नाही. समोरचं पाखरू बाद झालं की मी म्हणायची ‘निजवलं’. शीतल हसून हसून लोळायची. पण मग तीही ‘निजवलं’ म्हणायला लागली. असे किती शब्द झाले होते आमच्या दोघींचे. एकाच कामाचे दोन पत्ते हातात आले की ‘जावा-जावा’. कॅटमधून काहीच कामाचं येईना की ‘आयर्विनला पाणी उतरलं’. घरात तिसऱ्या माणसाला आमचं बोलणं कळायचं नाही आणि त्याचा मला मोठा आनंद होता. बोलायला माणसं पुष्कळ असतात. आपल्या शब्दांत बोलणारं एखादंच असतं.

ह्या शब्दांतला एक आमचा दोघींचा नव्हता, आमच्या घराचा होता, आजीच्याही आधीपासूनचा. संध्याकाळचं जेवण झालं, चूळ भरली, की हात जोडून म्हणायचं, ‘सोडलं.’ म्हणजे उद्या सूर्य उगवेपर्यंत अन्न सोडलं. त्यामुळं आमच्या घरात ‘जेवायला चाललो’ असं संध्याकाळी कुणी म्हणतच नाही. ‘मी सोडतो आता’ म्हणतात. सूर्य कलला की बाळू शेतातून ओरडत यायचा, “अक्का, सोडायचं न्हवं?” शीतल हे बोलायला शिकली तेव्हापासून ऐकत आलीय.

श्रावणातल्या एका रविवारी सांगलीच्याच विश्रामबाग भागातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर ह्या पत्त्यांची स्पर्धा होती. शीतलनं स्वतःचं नाव घातलं आणि मला म्हणाली, “आत्ती, तुमचंबी घालतो.” मी म्हणाले, माझं मीच घालते. कागदावर इंग्रजीत नाव लिहिलं. सांगू नये, पण सांगते, त्या कागदावर खेळणाऱ्याचं नाव, वय आणि सही एवढंच मागितलं होतं. कुणाची बायको, कुणाची आई, काही नाही. मला ते फार आवडलं.

वीसेक जणं होती. सगळी कॉलेजची, नोकरीला नुकती लागलेली. जिना चढून गेले तर एक मुलगा अदबीनं उठला. “काकू, कुणाला सोडायला आलाय?”

“मलाच सोडायला आलो,” म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. दुपारपर्यंत सगळा हॉल माझा झाला होता. “काकू, कॅट नाही, डेक म्हणा.” “काकू, मला सावकाश निजवा हं.” मिरजेची आफरीन नावाची एक मुलगी होती, तिचे वडील शिलाईचं काम करतात. दुसऱ्या फेरीत ती माझ्याकडून हरली आणि म्हणाली, “काकू, तुमचा खेळ म्हणजे रोजा आहे. समोरच्याची भूक संपेपर्यंत तुम्ही हलतच नाही.” मी म्हणाले, उपासाची सवय आहे बाई दोन्ही घरांना.

स्पर्धेत हरलेला बाहेर जात नव्हता. पाच फेऱ्या सगळ्यांनी खेळायच्या, जिंकल्याचे गुण जास्त, बरोबरीचे थोडे, आणि शेवटी वरच्या चौघांना स्टेजवर बसवून, माइकवर नाव पुकारून पुढचे डाव. मला त्या स्टेजवर बसायचं होतं. बक्षीस काय आहे, हेही मी विचारलं नव्हतं. लग्नात स्टेजवर बसले होते, तेव्हा मान खाली होती. ह्यांच्या निरोपसमारंभात बसले, तेव्हा ‘सौभाग्यवती’ होते. एकदा माइकवर नुसतं माझं नाव ऐकायचं होतं. ही हौस मी फक्त शीतलला सांगितली होती. आणखी कुणाला सांगणार? त्या वयाला ती हसण्यासारखीच होती.

चार फेऱ्यांत मी तीन जिंकले. शीतलनंही तीन. मधे दुपारी तासभर लाइट गेली आणि पाचवी फेरी लागायला सहा वाजून गेले. भिंतीवरच्या कागदावर जोड्या लागल्या आणि बघते तर आम्ही दोघी समोरासमोर.

असं झालं तर काय करायचं, हे आमचं आधीच ठरलं होतं. न खेळता बरोबरी घ्यायची. नियमात तशी सोय होती, पंचांना सांगितलं की झालं. बरोबरीनं दोघींनाही चौघांत जायची आशा राहत होती. खात्री मात्र जिंकणारीचीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. ठरवलं होतं मीच, हेही सांगून टाकते. दोघी एकदम स्टेजवर बसू, असा माझाच लोभ.

खिडकीतून बघितलं तर ऊन लांब झालं होतं. डबा माझ्या पिशवीत होता, दोन भाकऱ्या आणि मुगाच्या डाळीची कोरडी भाजी, आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. शीतल म्हणाली, “तुमी जावा आत्ती, वेळ झाली. मी सांगतो पंचांना.”

मी पत्ते पालथे ठेवले आणि उठले. रोज संध्याकाळी उठते तशीच. म्हणाले, “बरं बाई, मी सोडतो.”

बाहेर व्हरांड्यात सांडशीसारख्या वाकड्या पायांच्या एका खुर्चीवर बसून जेवले. खाली रस्त्यावर गाड्या होत्या, समोरच्या इमारतीच्या टाकीवर दोन कबुतरं होती. चूळ भरली, हात जोडले. आत आले तर माझ्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवली होती. काळ्या शर्टातला पंच समोर आला. चांगला मुलगा होता, लाजून बोलत होता. “काकू, छान खेळलात. सोडायची गरज नव्हती खरं म्हणजे.”

“काय सोडायची?”

“डाव. तुम्ही सोडलात ना? शीतलताईंना विजय दिलाय.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं समजावलं की पत्ते खाली ठेवून ‘सोडतो’ म्हटलं म्हणजे हार मान्य केली. त्यानं शेजारच्या टेबलावर विचारलंही होतं. तिथला मुलगा म्हणाला, हो, काकू स्पष्ट म्हणाल्या, मी सोडतो. तुम्ही म्हणालात ना काकू?

मी शीतलकडं बघितलं. ती पत्ते पिसत होती. कॅट दोन भागांत करायचा, एकात एक घालायचा, पुन्हा दोन भाग. मी तिला वर बघायला भरपूर वेळ दिला. त्या हॉलमध्ये वीस माणसं होती, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ माहीत असलेलं एकच माणूस तिथं होतं, ते पत्ते पिसत होतं.

“व्हय,” मी म्हणाले. “म्हणालो खरं.”

खोटं कसं बोलणार? म्हणाले होतेच. आणि खरं बोलायचं तर पोरीला सगळ्यांसमोर खोटी पाडावी लागली असती. पंचानं माइकवर चार नावं पुकारली. शीतल स्टेजवरच्या पहिल्याच डावात हरली. मी टाळ्या वाजवल्या, हे तुला आठवतंय का?

घरी जाताना रिक्षात तू म्हणालीस, “आत्ती, लय वाईट वाटलं मला. मी सांगाय गेलो, पण पंच ऐकंनातच.” मी म्हणाले, असू दे. आणि शीतल, तुला खोटं वाटेल, पण मी ते खरं धरलं. गडबड होती, पोरगी भांबावली, पंचाच्या डोक्यात नियम. वर तुलाच समजावलं की मनाला लावून घेऊ नको.

आठेक दिवसांनी दुधाच्या रांगेत आफरीन भेटली, मिरजेहून सांगलीत नातेवाइकांकडं आली होती. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “काकू, एक विचारू? त्या दिवशी मी पंचांना म्हणाले होते, काकू डबा घेऊन चालल्यात, हरलेला माणूस डबा घेऊन असा निवांत जात नाही, परत विचारा त्यांना. ते विचारणारही होते. पण शीतलताई म्हणाल्या, विचारायचं काय त्यात, आमच्यात असंच म्हणतात. सोडलं म्हणजे सोडलं.”

आमच्यात असंच म्हणतात.

दुधाची पिशवी घेऊन मी घरी आले. दूध तापवलं. उतू गेलं नाही, काही झालं नाही. बाळू विचारत होता, किती फूट, आणि मी सांगत होते. आत मात्र एकच वाक्य फिरत होतं. तिनं खोटं सांगितलं असतं तर मी रागावले असते आणि मोकळी झाले असते. ती खरं तेच बोलली होती. आमच्यात असंच म्हणतात. माझ्या आजीचा, माझ्या आईचा शब्द तिनं साक्षीला उभा केला, आणि तोही माझ्याच विरुद्ध. बाहेरच्या कुणाला हे जमलं नसतं. त्यासाठी आमच्याच घरात जन्मावं लागतं.

त्याच भाद्रपदात क्षमावाणीला देवळात बायकांची रांग होती. तू माझ्यासमोर आलीस, वाकलीस आणि म्हणालीस, “आत्ती, क्षमा.” तुझ्यामागं आणखी दहाजणी होत्या. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘क्षमा’ म्हणाले, कारण म्हणायचं असतं. तू पुढच्या बाईकडं सरकलीस. त्याच वेगानं, त्याच आवाजात. तुझ्या लग्नात मी अक्षता टाकल्या, तुझी पाठवणी करताना रडलेही. ते रडणं खरं होतं, संशय नको.

बाळूला मी आजवर सांगितलेलं नाही. इथं तुझं नावही बदलून लिहिलंय, तेव्हा सासरी कुणी वाचलं म्हणून घाबरू नकोस. बाळू वाचणार नाहीच, तो पेपर उघडतो ते हळदीचा भाव बघायला.

लोक म्हणतील, एका पत्त्याच्या डावासाठी बाई दोन वर्षं कुढत बसलीय. डावाचं मला काही नाही गं. स्टेजचंही आता नाही, खरंच. त्या संध्याकाळी माझं काय गेलं, ते सांगते. साताऱ्याला परत आल्यापासून मी जेवून हात धुते, हात जोडते आणि गप्प बसते. तो शब्द तोंडात येत नाही. आला की मागून दुसरा आवाज येतो, पत्ते पिसल्याचा. नियम मोडला नाही एक दिवसही, पण मुक्यानं चाललाय. आणि हे मी कुणाला सांगू? साताऱ्यातल्या बाईला आधी शब्द समजावून सांगावा लागेल. ज्यांना समजावावा लागत नाही ती माणसं आता मोजकीच उरलीत, आणि त्यांतली एक तू.

कधीकधी तुझ्या बाजूनंही विचार करते. सव्वीस वर्षांची पोरगी, दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, घरी बापाचं स्थळं दाखवणं चाललेलं. कुठंतरी एकदा जिंकावं वाटलं असेल. समोर आत्ती, आत्ती काय करणार आहे? काही करणार नाही. बरोबर ओळखलंस. मागायचं होतंस ना पण. “आत्ती, मला द्या हा डाव,” एवढं म्हणाली असतीस तर मी डबा उघडायच्या आधी दिला असता. हौस सांगून झाली होती माझी, तरी दिला असता. तू मागितलं नाहीस, घेतलंस, आणि घेताना माझ्याच तोंडचा शब्द काढून घेतलास.

तर ते कमळ परत घे. त्याला मी उत्तर पाठवलं नाही, पाठवणारही नाही. क्षमा द्यायची नाही असं नाही. ती कधीपासून तयार आहे, पण ती जाणता-अजाणता अशी दोन्ही नावं लावलेली नको. एकच नाव सांग. कोणतं, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, आपल्या बोलीत, फोनवर नाही.

भाद्रपद आहे तोवर ये. सकाळच्या गाडीनं निघ. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षावाले जास्त सांगतील, चालत येऊ नकोस मात्र, पाऊस आहे. जावईबापूंना पुढच्या खेपेला आण, ह्या वेळी एकटीच ये. मी दोडक्याची भाजी करीन, दशम्या करीन. आणि आल्या आल्या उंबऱ्यावरच सांगून टाक, म्हणजे जेवताना तो विषय निघायला नको. लवकर ये गं.